शैक्षणिक तंत्रज्ञान तज्ज्ञ नेमकं काय काम करतो?

"तुम्ही त्या प्रोजेक्टरवाल्या मॅडम ना?" स्टाफरूममध्ये माझी ओळख बरेचदा अशीच होते, आणि त्यात विचारणाऱ्याची काही चूक नाही. प्रोजेक्टर बंद पडला की मी धावते. मूडल या आमच्या ऑनलाइन अभ्यासप्रणालीचा पासवर्ड कोणी विसरलं की माझाच नंबर फिरवला जातो. पण ज्या कामासाठी माझी नेमणूक झाली आहे, ते प्रोजेक्टर लावण्याच्या कितीतरी आधी सुरू होतं आणि तो बंद केल्यावरही बराच वेळ चालतं. इंग्रजीत या पदाला इन्स्ट्रक्शनल टेक्नॉलॉजी स्पेशालिस्ट म्हणतात, मराठीत शैक्षणिक तंत्रज्ञान तज्ज्ञ. मी एका शिक्षणसंस्थेत हे काम करते. आमच्या एकाच आवारात पॉलिटेक्निक आहे आणि कला महाविद्यालयही आहे.

काम थोडक्यात असं: विद्यार्थ्याचं नेमकं कुठे अडतंय ते शोधायचं, आणि ती अडचण सुटावी म्हणून कुठलं साधन, कधी आणि किती वेळ वापरायचं हे शिक्षकांबरोबर बसून ठरवायचं. साधन म्हणजे एखादं सॉफ्टवेअर असेल, दोन मिनिटांचा ऑडिओ असेल, कधी नुसता चार घड्या घातलेला कागदही असेल.

हे ऐकायला सोपं वाटतं. अवघड आहे तो त्यातला पहिला भाग, म्हणून एका तासाची हकिगत जरा सविस्तर सांगते.

दोन बल्ब

पॉलिटेक्निकच्या पहिल्या वर्षाला बेसिक इलेक्ट्रिकल शिकवणारे एक सर माझ्याकडे आले. वीसेक वर्षांचा अनुभव, मुलांमध्ये मान. म्हणाले, "मॅडम, करंटवर एक छानसं अॅनिमेशन करून द्या. पोरं गणितं धडाधड सोडवतात, पण तोंडी परीक्षेत साधा प्रश्न विचारला की गप्प."

अॅनिमेशन करून देणं मला जमलं असतं. आठवडाभर लागला असता, सरही खूश झाले असते. पण मी विचारलं, "सर, उद्याच्या तासाला मी मागे बसू का?" माझ्याकडचं हे सगळ्यात जुनं साधन. मागच्या बाकावरून फळा मुलांना जसा दिसतो तसाच दिसतो, आणि शेजारच्यांच्या वह्याही दिसतात.

सरांनी ओहमचा नियम लिहिला, दोन उदाहरणं सोडवून दाखवली. माझ्या शेजारच्या मुलाने तिसरं आपलं आपण सोडवलं, उत्तर बरोबर. तास संपता संपता मी त्याच्या वहीच्या मागच्या पानावर एक बॅटरी काढली आणि एकापुढे एक असे दोन सारखे बल्ब काढले, म्हणजे सिरीज जोडणी. विचारलं, "यातला कुठला बल्ब जास्त उजेड देईल?" त्याने बॅटरीच्या प्लस टोकाजवळच्या बल्बवर लगेच बोट ठेवलं. का, विचारल्यावर म्हणाला, "करंट आधी याला मिळणार ना. थोडा इथे संपणार, उरलेला पुढे जाणार."

उत्तर चुकीचं आहे, पण त्यामागे विचार आहे. गावातल्या पाइपलाइनवर पहिल्या घराला पाणी जोरात येतं आणि शेवटच्या घराला करंगळीएवढी धार, हे त्याने लहानपणापासून पाहिलेलं आहे. वीजही तशीच वागत असणार असं त्याने धरलं. प्रत्यक्षात एकाच मार्गावरच्या दोन्ही बल्बमधून सारखाच प्रवाह जातो. बल्बमध्ये खर्च होते ती ऊर्जा. प्रवाह खर्च होत नाही. विज्ञान शिकवण्यावर संशोधन करणाऱ्यांना हाच गैरसमज अनेक देशांतल्या विद्यार्थ्यांमध्ये सापडला आहे. सूत्रात आकडे घालून उत्तर काढताना तो कुठेच आडवा येत नाही, त्यामुळे परीक्षा पास झाली तरी तो जागच्या जागी राहतो. मी तारेतून पळणाऱ्या निळ्या ठिपक्यांचं अॅनिमेशन केलं असतं, तर पाइपातल्या पाण्याची ती समजूत कदाचित आणखी पक्की झाली असती.

पुढच्या तासाला सरांनी हाच प्रश्न सगळ्या वर्गाला घातला. प्रत्येकाने एका कागदाच्या चार घड्या घालून चार भागांवर अ, ब, क, ड लिहिलं होतं. आपलं उत्तर वर येईल असा कागद छातीशी धरायचा, शेजाऱ्याचं बघायचं नाही. निम्म्याहून जास्त कागदांवर ‘पहिला बल्ब’ होतं. बरोबर काय ते सर बोलले नाहीत. "ज्याचं उत्तर तुमच्यापेक्षा वेगळं आहे असा जोडीदार शोधा आणि त्याला पटवून द्या," एवढंच म्हणाले. वर्गात गलका झाला, आणि त्या गलक्यात माझ्या कानांवर पडत होतं ते सगळं करंटबद्दलच होतं.

मग ‘फेट’ उघडलं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठाचा हा सिम्युलेशनचा, म्हणजे पडद्यावर करून पाहायच्या प्रयोगांचा, संग्रह नोबेल विजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ मध्ये सुरू केला. तो फुकट आहे आणि त्यातली बरीच सिम्युलेशनं मराठीतही आहेत. स्क्रीनवर ९ व्होल्टची बॅटरी, १० ओहमचे दोन बल्ब, आणि दोन अॅमीटर, म्हणजे करंट मोजणारे मीटर: एक पहिल्या बल्बच्या आधी, दुसरा दोन्ही बल्बच्या नंतर. बटण दाबण्याआधी प्रत्येकाने दोन्ही मीटरचा अंदाज वहीत लिहिला. बटण दाबलं. दोन्हीकडे ०.४५ अॅम्पिअर. मागून एक मुलगी म्हणाली, "सर, कॉम्प्युटरवर काय, काहीही दाखवता येतं." तिचं म्हणणं रास्त होतं. सरांनी प्रयोगशाळेतून खरे बल्ब आणि खरे मीटर मागवले आणि तिलाच जोडायला लावले.

या सगळ्यात माझं काम किती? एक प्रश्न, एक लिंक आणि क्रम. आधी प्रश्न, मग अंदाज, मग आपसांतली चर्चा, आणि शेवटी सिम्युलेशन. सिम्युलेशन आधी दाखवलं असतं तर मुलांनी मान डोलावली असती आणि पाण्याची पाइपलाइन डोक्यात तशीच राहिली असती.

ही रीत मी शोधलेली नाही. हार्वर्डमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक एरिक मझूर यांनी १९९० च्या सुमारास आपल्या विद्यार्थ्यांना अगदी साध्या, आकडेमोड नसलेल्या प्रश्नांची चाचणी दिली. अवघड गणितं सोडवणारी ती मुलं त्या साध्या प्रश्नांना अडखळली. एका विद्यार्थिनीने तर विचारलं की उत्तरं तुम्ही शिकवलंत त्याप्रमाणे लिहू, की मी एरवी विचार करते त्याप्रमाणे? त्यानंतर मझूर यांनी व्याख्यान मध्येच थांबवून प्रश्न, मतदान, शेजाऱ्याशी चर्चा आणि पुन्हा मतदान अशी पद्धत बसवली. तिला पीअर इन्स्ट्रक्शन म्हणतात. पहिल्या मतदानात साधारण ३० ते ७० टक्के उत्तरं बरोबर आली तर चर्चेचा फायदा होतो. त्याहून कमी आली तर तो भाग पुन्हा समजवावा लागतो, आणि जास्त आली तर सरळ पुढे जायचं. शिक्षकाच्या हाती लागणारा हा अंदाज मला फार मोलाचा वाटतो, कारण एरवी ‘समजलं का?’ या प्रश्नाला पुढच्या बाकावरची तीन मुलं ‘हो’ म्हणतात आणि गाडी पुढे जाते.

ओट्यावर किती भांडी मावतात

शिक्षक माझ्याकडे येतात तेव्हा हातात बहुतेक वेळा स्लाइड असतात. एका तासाला साठ-सत्तर, प्रत्येकीवर परिच्छेदच्या परिच्छेद. त्या कमी करायला सांगितलं तर वाईट वाटतं, कारण रात्री जागून केलेल्या असतात. म्हणून कमी का करायच्या ते आधी सांगावं लागतं.

घरातला ओटा डोळ्यांसमोर आणा. फडताळात डबे पन्नास असतील, पण ओट्यावर एका वेळी चार-पाच भांडीच मावतात. सहावं ठेवायला गेलं की एखादं खाली येतं. आपलं डोकंही असंच चालतं. आयुष्यभराची आठवण म्हणजे ते फडताळ, आणि आत्ता ज्याच्यावर विचार चालू आहे ती जागा म्हणजे ओटा. मानसशास्त्रात तिला कार्यकारी स्मृती म्हणतात आणि ती फार लहान असते. नवीन धडा म्हणजे सगळी भांडी अनोळखी. ऑस्ट्रेलियातले मानसशास्त्रज्ञ जॉन स्वेलर यांनी १९८८ मध्ये यावरून बोधनभाराचा सिद्धान्त मांडला: शिकवण्याची मांडणी अशी हवी की ओट्यावरची जागा शिकण्याला मिळावी, फापटपसाऱ्याला नाही.

रिचर्ड मेयर या अमेरिकी संशोधकाने पुढे चित्र, आवाज आणि मजकूर एकत्र कसे वापरावेत यावर अनेक प्रयोग केले. त्यातल्या दोन गोष्टी मी प्रत्येक नव्या शिक्षकाला सांगते. पहिली, चित्र दाखवून बोलत असाल तर तेच बोलणं शब्दशः स्लाइडवर लिहू नका. डोळे एका वेगाने वाचतात, कान दुसऱ्या वेगाने ऐकतात, आणि मूल दोघांचा मेळ घालण्यातच दमतं. दुसरी, नावं चित्राला चिकटून हवीत. जीवशास्त्राच्या बऱ्याच तक्त्यांवर हृदयाच्या चित्रात १ ते ९ आकडे असतात आणि खाली यादी: १ महाधमनी, २ डावी जवनिका. मुलाची नजर वर-खाली, वर-खाली. आकडे काढून नावं त्या त्या भागाशेजारी लिहिली की ही येरझार संपते. याला ना नवं सॉफ्टवेअर लागतं, ना पैसे. आमच्या एका मॅडमनी सुट्टीत बसून सगळे तक्ते असे बदलून घेतले, आणि त्या दिवशी मला फार आनंद झाला होता.

आठवणीचीच आणखी एक बाजू. परीक्षेआधी मुलं एकच धडा पुन्हा पुन्हा वाचतात. वाचताना सगळं ओळखीचं वाटतं, म्हणून येतंय असं वाटतं. रोडिगर आणि कार्पिक या दोन अमेरिकी संशोधकांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा वाचला, तर काहींनी तो मिटून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने घेतली तेव्हा आठवून लिहिणारे पुढे गेले. म्हणून मी मूडलवर दर शुक्रवारी पाच प्रश्नांची छोटी चाचणी लावायला सांगते. गुण अजिबात धरायचे नाहीत. गुण धरले की मुलं एकमेकांची उत्तरं पाठवू लागतात आणि आठवण्याचा व्यायाम बुडतो.

प्रश्न चुकला की विद्यार्थी?

मूडल म्हणजे अभ्यासक्रम, नोट्स, गृहपाठ, चाचण्या, गुण हे सगळं एका जागी ठेवणारी प्रणाली, ज्याला एलएमएस म्हणतात. मार्टिन डुगियामास यांनी ती ऑस्ट्रेलियात तयार केली. पहिली आवृत्ती २००२ मध्ये आली. ती कोणीही फुकट घेऊन आपल्या सर्व्हरवर चालवू शकतं, म्हणून आपल्याकडे पुष्कळ महाविद्यालयांत दिसते. पण बरेच ठिकाणी तिचा वापर पीडीएफ टाकण्यापुरताच होतो. तिच्यात एक फार उपयोगी गोष्ट पडून असते, ती म्हणजे प्रश्नांचं विश्लेषण.

समजा ६० मुलांनी चाचणी दिली आणि सातवा प्रश्न फक्त १८ जणांचा बरोबर आला. म्हणजे ३० टक्के. प्रश्न अवघड होता, एवढंच यावरून कळतं. आता एकूण गुणांवरून वरची २० आणि खालची २० मुलं वेगळी काढायची. वरच्या वीसांपैकी ५ जणांचा बरोबर, खालच्या वीसांपैकी ८ जणांचा. म्हणजे ज्यांना विषय येतो त्यांचा हा प्रश्न जास्त चुकलाय. असं दिसलं की मुलांकडे नंतर बघायचं, आधी प्रश्नाकडे बघायचं. बहुतेक वेळा उत्तरतालिकेत चूक असते, किंवा प्रश्नाची भाषा अशी असते की नीट विचार करणारा दुसऱ्या पर्यायाकडे वळतो. एका चाचणीत मला ‘खालीलपैकी कोणते विधान असत्य नाही असे म्हणता येणार नाही’ अशी रचना सापडली होती. तो प्रश्न तीन नकार ओळखण्याचा झाला होता. प्रश्न काढणाऱ्या सरांना दाखवला, त्यांनी त्याच संध्याकाळी बदलला आणि सगळ्यांना त्याचे गुण दिले.

हे आकडे मूडल आपोआप काढून देतं. ते उघडून बघायची सवय शिक्षकाला लावणं हे माझं काम.

मुलांची माहिती हाताळताना मात्र जपावं लागतं. कोण किती वाजता आत आलं, कुठलं पान किती वेळ पाहिलं, सगळं नोंदलं जातं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल धरलं आहे आणि त्याची माहिती वापरण्याआधी पालकांची खातरजमा करता येईल अशी संमती घेण्याची तरतूद आहे. पॉलिटेक्निकला दहावीनंतर आलेलं पोर सोळा वर्षांचं असतं. त्यामुळे कोणी शिक्षक उत्साहाने एखादं नवं फुकट अॅप घेऊन आले, की मी आधी एवढंच विचारते: ते मुलांकडून काय काय मागतं?

यंत्र आधी येतं, प्रश्न मागून

शिक्षणात तंत्रज्ञान म्हटलं की लोकांना कोविड आठवतो, पण आपला इतिहास त्याहून खूप जुना आहे. ऑगस्ट १९७५ ते जुलै १९७६ या वर्षात इस्रोने ‘साइट’ नावाचा प्रयोग केला. नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २४०० खेड्यांत थेट दूरदर्शनचे कार्यक्रम पोहोचले, सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी. त्यातली मला सगळ्यात भावलेली गोष्ट उपग्रहाची नाही. कार्यक्रमांचं गावात काय होतं हे पाहायला काही अभ्यासक खेड्यांत मुक्काम ठोकून राहिले होते. मी ज्याला मागचा बाक म्हणते, तोच हा. पुढे १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि एका अख्ख्या पिढीने दूरदर्शनवर तिचे कार्यक्रम पाहिले. २००४ मध्ये शिक्षणासाठीच एज्युसॅट उपग्रह सोडला गेला. २०२० मध्ये शाळा बंद असताना सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएलच्या (महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनच्या) पुढाकाराने ‘टिलीमिली’ मालिका लागली. घरात स्मार्टफोन नसेल तरी टीव्ही असतो, हा विचार त्यामागे होता.

सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले गुरुजी यांना २०२० चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला तेव्हा सगळीकडे क्यूआर कोडची चर्चा झाली. पाठ्यपुस्तकात कोड छापायचा, मोबाइलने तो स्कॅन केला की कविता, व्हिडिओ, स्वाध्याय समोर. पुरस्काराच्या आधीच बालभारतीच्या पुस्तकांत असे कोड आले होते. पण गुरुजींनी आधी काय पाहिलं तेही लक्षात ठेवायला हवं. तिथल्या मुलींची घरची भाषा कन्नड होती आणि पुस्तकं त्या भाषेत नव्हती. गुरुजी ती भाषा शिकले, मजकूर मुलींच्या भाषेत आणला, आणि त्याला कोडची जोड दिली. कोड आज कोणालाही पाच मिनिटांत बनवता येतो. मुलगी पुस्तकापाशी का थबकते हे ओळखायला वर्गात राहावं लागतं.

याच्या उलटही घडतं. पेरू देशात ‘प्रत्येक मुलाला लॅपटॉप’ या कार्यक्रमात आठ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले गेले. ग्रामीण शाळांमध्ये त्याचा अभ्यास झाला आणि २०१२ मध्ये निष्कर्ष आले. गणित आणि भाषेच्या चाचण्यांत फरक दिसला नाही. लॅपटॉप मुलांच्या हातात गेले, पण धडा कसा बदलायचा हे शिक्षकांना कोणी बरोबर बसून दाखवलं नाही, तर दुसरं काय होणार?

अमेरिकी संशोधक रिचर्ड क्लार्क यांनी १९८३ मध्येच असं म्हटलं होतं की किराणा आणणाऱ्या ट्रकमुळे आपलं पोषण बदलत नाही, तसं माध्यमामुळे शिकणं बदलत नाही. मला हे अर्धंच पटतं. दोन अॅमीटर एकाच वेळी दाखवणारं सिम्युलेशन खडूने करता येत नाही. रॉबर्ट कोझमा यांनी क्लार्क यांच्याशी पुढे बराच वाद घातला तो याच मुद्द्यावर. पण खरेदी समितीच्या बैठकीत मी बाजू घेते ती क्लार्क यांची, कारण तिथे ट्रकच्या रंगावर फार वेळ जातो.

सुरुवातीच्या वर्षांत मीही एक मोठी चूक केली होती. कला शाखेच्या विद्यार्थ्यांसाठी चौदा व्हिडिओ केले, उत्तम कॅमेरा, उत्तम आवाज. महिन्याने पाहिलं तर बहुतेकांनी पहिलासुद्धा पूर्ण पाहिला नव्हता. मुलांशी बोलले. एका मुलीने सांगितलं, घरात फोन एकच, तो दिवसभर वडिलांबरोबर शेतावर, रात्री हातात येतो तोवर दिवसाचा डेटा संपत आलेला. चांगल्या दर्जाचा दहा मिनिटांचा व्हिडिओ शंभर एमबीच्या वर जातो. तेच दहा मिनिटांचं बोलणं साध्या ऑडिओत अडीच एमबीत मावतं. इतिहासाच्या व्याख्यानात माझा चेहरा दिसण्याची गरज नव्हती. आम्ही ऑडिओ आणि सोबत दोन पानांची टिपणं असं केलं, आणि व्हॉट्सअॅपवर पाठवलं. मुलांच्या हातात फोन कधी येतो आणि डेटा किती उरतो, हा प्रश्न कॅमेरा भाड्याने घेण्याआधी विचारायचा होता.

या कामात यायचं असेल तर

शिक्षण आणि तंत्रज्ञान यांपैकी एक बाजू पक्की असेल तर दुसरी शिकता येते. मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात शैक्षणिक तंत्रज्ञानाचा स्वतंत्र विभाग आहे, आयआयटी मुंबईत या विषयात पीएचडी करता येते. पुण्या-मुंबईतल्या कंपन्या इन्स्ट्रक्शनल डिझायनर, म्हणजे धड्यांची आखणी करणारे लोक, घेतात. महाविद्यालयांत मात्र या नावाचं पद क्वचितच असतं, बहुतेक ठिकाणी एलएमएस समन्वयक म्हणून आपल्यातल्याच एखाद्या प्राध्यापकावर ही जबाबदारी येते. त्यात सीओ-पीओचे (विषयाची आणि अभ्यासक्रमाची उद्दिष्टं जुळवणारे) तक्ते, महाविद्यालयांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकच्या फायली हेही गळ्यात पडतं. ते टाळता येत नाही, पण आठवड्यातला एक दिवस तरी वर्गांसाठी राखून ठेवा आणि तो कोणाला देऊ नका.

काय शिकावं याचा चांगला नकाशा पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी २००६ मध्ये दिला. शिक्षकाकडे तीन प्रकारचं ज्ञान लागतं: विषयाचं, शिकवण्याच्या रीतीचं आणि साधनाचं. तिन्ही सुटी सुटी असून भागत नाही. करंट शिकवताना मुलं कुठे चुकतात आणि कुठल्या साधनाने ती चूक उघडी पडते, हे जिथे तिन्ही एकत्र येतात तिथेच कळतं. विषय शिक्षकाचा, साधन माझं, आणि रीत दोघांनी मिळून शोधायची. म्हणून मी शिक्षकांना ‘ट्रेनिंग’ला बोलवण्यापेक्षा त्यांच्या पुढच्या आठवड्याच्या एका धड्यावर त्यांच्याबरोबर बसते. पन्नास जणांच्या कार्यशाळेत शिकवलेलं सोमवारपर्यंत विसरलं जातं.

सध्या सगळे एआयबद्दल विचारतात. निबंध घरी लिहून आणायला सांगितला तर तो कोणी लिहिला हे आता कळत नाही, आणि ते ओळखून देतो म्हणणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबून कुठल्या मुलाला दोषी धरणं मला मान्य नाही. आमच्या मराठी विभागाने वेगळी वाट काढली. कच्चा खर्डा वर्गात हाताने, पक्का घरी, आणि मग पाच मिनिटं तोंडी: हा परिच्छेद इथे का घेतलास? शिक्षकांचा वेळ जास्त जातो हे खरं. पण मुलांना आपल्या लिहिण्याबद्दल बोलता येऊ लागलंय.

ई-जे-के-बी-एच

शेवटी एक काम, जे माझ्या पदाच्या वर्णनात कुठेच लिहिलेलं नाही.

कला शाखेत दुसऱ्या वर्षाला एक अंध विद्यार्थी आला. लॅपटॉपवर एनव्हीडीए हे फुकट मिळणारं स्क्रीन रीडर वापरतो. ते पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवतं, मराठीसुद्धा. आमच्या एका ज्येष्ठ सरांनी मराठी काव्याच्या नोट्स मोठ्या कष्टाने टाइप केलेल्या होत्या, जवळजवळ दोनशे पानं. त्या त्याला दिल्या. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि हेडफोन माझ्या हातात दिला. ‘मराठी’ या शब्दाच्या जागी ऐकू येत होतं: ई, जे, के, बी, एच.

कारण असं. सरांच्या नोट्स कृतिदेव या जुन्या फॉन्टमध्ये होत्या. तशा फॉन्टमध्ये कॉम्प्युटरच्या आत इंग्रजी अक्षरंच साठवलेली असतात, फक्त त्यांचं चित्र देवनागरी दिसतं. डोळ्यांना ‘म’ दिसतो, यंत्राला इंग्रजी ‘ई’. युनिकोडमध्ये तसं नसतं. तिथे ‘म’ला स्वतःचा कायमचा क्रमांक असतो, त्यामुळे फॉन्ट बदला, फोन बदला, स्क्रीन रीडर लावा, ‘म’ हा ‘म’च राहतो. शोधताही येतो, भाषांतरही होतं. कृतिदेव, श्रीलिपी, शिवाजी अशा फॉन्टमधला केवढातरी मराठी मजकूर आपल्या महाविद्यालयांच्या कपाटात आणि पेन ड्राइव्हवर पडून आहे, आणि यंत्राच्या दृष्टीने त्यात मराठी नाहीच.

फॉन्ट बदलणारे कन्व्हर्टर मिळतात. मी दोनशे पानं एका दुपारी बदलली. पण कन्व्हर्टर दोन जागी घसरतात: ऱ्हस्व वेलांटी आणि रफार. जुन्या फॉन्टमध्ये वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते आणि रफार अक्षरानंतर, त्यामुळे त्यांची जागा चुकते. सरांना सांगितलं तसे ते स्वतः येऊन बसले. रोज दुपारी चार ते पाच, चष्मा कपाळावर चढवून, पान पान तपासत. तीन आठवडे लागले. निवृत्तीला दीड वर्ष उरलेला तो माणूस मला म्हणाला, "मॅडम, हे आधीच सांगायचं होतंत ना कोणीतरी. मी वीस वर्षं याच फॉन्टात टाइप करतोय."

नोट्स त्या विद्यार्थ्याला दिल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तो सरांच्या केबिनच्या दारात उभा होता.

"सर, चौथ्या पानावर ‘अथर्’ असं वाचतंय. ते ‘अर्थ’ असणार ना?"

सरांनी त्याच्यासाठी खुर्ची ओढली, फाइल उघडली आणि म्हणाले, "बस. आणखी कुठे कुठे आहे ते सांग."